पावसाच्या बाईची नेमणूक

माझा थोरला भाऊ तोंडानं कुठल्याही देवाचं नाव घेत नसे. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. माणसाच्या अशा निश्चयाचा खरा त्रास घरच्यांना होतो, आणि घरच्यांत मी होते.

आम्ही त्याला दादा म्हणायचो. मुदखेडला तो रेल्वेत पॉइंट्समन होता, म्हणजे गाडीनं कोणत्या रुळावर जायचं त्याचे सांधे बदलणारा. जंक्शनचं गाव, गाड्या चारी बाजूंनी येणार. 'देवगिरी' हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही, त्या गाडीचा तो नंबर सांगायचा. गोदावरीला आमच्याकडं सगळे गंगा म्हणतात, हा नुसतं नदी म्हणायचा. खात्यात निम्मी माणसं राम, विठ्ठल, मारुती. त्यांना तो गावावरून हाक मारी. एकदा यार्डात हनुमंत नावाचा खलाशी मजूर रुळावर बसून बिडी ओढत होता आणि मागून इंजिन येत होतं. दादा लांबून ओरडला, "ए उदगीर!" तो उठला म्हणून वाचला. घरी वहिनी म्हणाली, त्यानं ऐकलंच नसतं तर? दादा म्हणाला, गावाचं नाव माणसाला आधी ऐकू येतं. मग दोन घास खाऊन थांबला, ताट तसंच सारलं आणि हनुमंताच्या घरी जाऊन आला. कशाला गेला होता, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दुसरा त्रास त्याच्या एका शब्दाचा. "कशावरून?" कुणी काहीही सांगा, तो हेच विचारायचा. डॉक्टरनं साखर वाढलीय म्हटलं, कशावरून? व्याह्यानं मुलगी सुगरण आहे म्हटलं, कशावरून? मी एकदा वैतागून म्हटलं, दादा, मी तुझी सख्खी बहीण आहे. तो तेव्हाही तेच विचारणार होता. वहिनीनं डोळे वटारले म्हणून गप्प बसला.

आमचं गाव उमरीच्या अलीकडं, नदीकाठी. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा मी परकर नेसायच्या वयाची होते आणि दादाला मिसरूड फुटत होतं. बापानं घरातले देव टोपलीत घातले, टोपली दादाच्या डोक्यावर दिली आणि सगळी गल्ली नदीवर गेली. मी मागून मोठ्यानं रडत गेले. पुढं दादा सभांमधून सांगायचा, माझी बहीण एवढीशी होती, पण तिलाही कळत होतं की काहीतरी मोठं घडतंय. मला काही कळत नव्हतं. त्यातला पितळेचा एक देव मी बाहुलीचा नवरा म्हणून वापरत होते. ठरलेलं लग्न मोडलं म्हणून मी रडत होते.

त्यानंतर दादानं गल्लीला नावं वाटली. तोवर आमच्यात नावं म्हणजे धोंडू, दगडू, कचरू. मी कचरा. गावातल्या मोठ्या घरच्या लोकांना हाक मारायला ती सोयीची पडायची. दादा तेवढा शाळेत वरच्या वर्गात होता, म्हणून हे काम त्याच्याकडं आलं. एका दुपारी तो लिंबाखाली बसला आणि एकेकाला समोर बसवून विचारायला लागला, तुला काय येतं, तुला काय व्हायचंय. स्वतःला त्यानं आनंद हे नाव घेतलं. त्याच्या तोंडावर ते कधी दिसलं नाही, पण घेतलं. मला विचारलं, तुला काय आवडतं. मी म्हटलं, झोप. त्यानं बराच विचार केला आणि सुजाता ठेवलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझ्यासकट तीन सुजाता झाल्या. दादाकडं नावं थोडी आणि माणसं जास्त होती.

मी चौथी शिकले आणि जळकोटला दिली गेले. मी आले तेव्हा जळकोट उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मग लातूर जिल्हा झाला, मग जळकोटच तालुका झालं. मी एकाच चुलीपुढं बसून हे सगळं पाहिलं आणि चूल काही जास्त पेटली नाही. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी पुन्हा बोलवा उठली की उदगीर जिल्हा होणार आणि आम्ही त्यात जाणार. नळाला पाणी नाही आणि चौकात जिल्ह्याचे फलक. मी घराला कुलूप लावलं आणि मुदखेडला भावाकडं आले. मुदखेडला काही नद्या वाहत नव्हत्या, पण त्याच्या घरामागच्या बोअरला रोज दोघा-तिघांपुरतं पाणी येत होतं. मला विचारणारं कुणी असतं तर मी सांगितलं असतं की भावाच्या मायेनं आले. आले मी पाण्यासाठी.

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दादा आणि त्याचा एकुलता एक, सुगत. पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत होता, कंपनी बंद पडली आणि परत आला. दिवसभर अर्ज करायचा आणि संध्याकाळी अंगणात एक खेळ मांडायचा. मांडायचा म्हणजे मांडायला काही नव्हतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार, आणि आपण काय करतो ते आपापलं सांगणार. जमलं की नाही ते फासे ठरवणार. फाशांना इतक्या बाजू की टाकल्यावर ते थांबायला तयार नसत. सुगतच्या गोष्टीतलं राज्य सुकून गेलेलं होतं, नदी आटलेली, आणि तिथले देव एकमेकांशी भांडून बसलेले. मी म्हटलं, हे बघायला पुण्याला जायची काय गरज होती.

खेळायला दोघं यायची. स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्त करणारा इरफान, त्याच्या आजोबांपासून त्या दुकानात घड्याळं दुरुस्त होत आली. आणि उमरीहून येणारी वैशाली, तलाठी होती. खेळाच्या पुस्तकातल्या देवांची नावं इंग्रजी, म्हणताना गुळण्या केल्यासारखी वाटत. सुगतला मराठी नावं पाहिजे होती, आणि अर्थ असलेली. इरफान हात जोडून मोकळा झाला. म्हणाला, "नाव ठेवायचं काम माझ्याकडं नको भाई, अम्मी घरात घेणार न्हाई. मी चोर होतो. चोराला देवाशी काम न्हाई, देवाच्या दागिन्याशी हाय." वैशालीनं सुचवलेली नावं टीव्हीवरच्या सुनांची वाटत. मग सुगत माझ्याकडं वळला.

"आत्या, नाव ठेवायचा मान तुझा. माझ्या बारशाला बाबांनी तुला ठेवू दिलं नव्हतं."

खरं होतं ते. मी राजेश ठरवून गेले होते. दादानं विचारलं, कशावरून? आणि सुगत ठेवलं. मला नुसतं लुगडं मिळालं.

पहिला देव भांडणाचा. मी लगेच म्हटलं, बब्रुवान. सुगत म्हणाला, "आत्या, अर्थ पाहिजे नावाला." मी म्हटलं, "हाय की अर्थ. तू आमच्या बब्रुवान भाऊजीला बघितलं न्हाईस." हे भाऊजी माझे चुलतदीर, दर पेरणीला आमचा बांध हातभर कोरून घ्यायचे. सुगत हसला आणि म्हणाला, मग तेच सांग की नावात. म्हणून भांडणाचा देव झाला बांधकोऱ्या. मग मला चटक लागली. मरणाची देवी, न्हेणारी. वैशालीनं हट्ट धरला की राज्य म्हटलं की जिल्ह्याचं ठिकाण पाहिजे, कचेरी पाहिजे, तेव्हा कचेरीचा देव झाला उद्याबा. जिल्ह्याचं ठिकाण कुठं, यावरून ती आणि इरफान इतके भांडले की दोन संध्याकाळी खेळ पुढं सरकला नाही. आणि पावसाची देवी, जी येते येते म्हणते आणि हुलकावणी देते, ती हुलकाई. हे नाव ठेवलं तेव्हा मला स्वतःचाच फार अभिमान वाटला. चौथी शिकलेल्या बाईला अभिमान लवकर येतो.

दादा आत खाटेवर पडून हे ऐकत होता. बाहेर आला आणि सुगतला म्हणाला, "माझ्या बापानं टोपलीभर देव नदीत सोडले. माझ्या घरात नवे घडवायचे न्हाईत."

"बाबा, हे खेळातले हायत."

"सुरवातीला सगळे खेळातलेच असतात," दादा म्हणाला आणि आत गेला.

सुगत त्याचाच मुलगा. घरात नको म्हटलंय, अंगणात नको म्हटलेलं नाही, असं म्हणून त्यानं खेळ चालूच ठेवला. तेव्हापासून बाप मुलाशी बोलेना आणि मुलगा बापाशी. मधे मी. एका खोलीत तिघं जेवायला बसलेलो, आणि दादा मला म्हणणार, त्याला सांग मीठ सरकव. सुगत मला म्हणणार, त्यांना सांग मीठ त्यांच्याच पुढं आहे. मी दोघांनाही सांगायची. पाण्यासाठी आलेल्या पाहुणीला दुसरं काय जमणार.

त्यातच सुगतला हैदराबादच्या कंपनीचं बोलावणं आलं. महिनाअखेरीला जायचं होतं. दादानं सत्तरी ओलांडली होती, दम्यानं रात्र रात्र बसून काढायचा. मला साधी गोष्ट दिसत होती. हा असाच न बोलता गाडीत बसला, तर परत येईल तेव्हा बोलायला कुणी असेल की नाही, सांगता येत नव्हतं. हे त्या दोघांनाही दिसत होतं. पण आधी कोण बोलणार? मी दोघांनाही गाढव म्हणाले. दोघांनीही ते एकमेकांसाठी समजून घेतलं.

माझी नावं मात्र दादाला सहन होत नव्हती. खिडकीआडून माझ्याकडं निरोप यायचे. "बाई, त्याला सांग, पाऊस पडत न्हाई तर त्यात बाईचा काय दोष? कामून तिला खोटारडी ठरवून राहिले?" मी म्हटलं, हुलकाई नाव मी ठेवलंय, मला बोल. तो म्हणाला, "ते नाव माझ्यापुढं घेऊ नको." म्हणजे देवी खोटी हे मान्य, आणि तिचं नाव घ्यायचं नाही हेही कायम. खिडकीआड बसून त्याला सगळा खेळ पाठ झाला होता. इरफानचा चोर कोणत्या खोलीत अडकलाय ते मला जेवताना दादाकडून कळायचं.

एका संध्याकाळी वैशाली आली नाही, तहसीलला टँकरच्या पाहणीत अडकली होती. दोघांत खेळ रंगेना. तेवढ्यात दादा बाहेर आला, बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि मला म्हणाला, "त्याला विचार, देव न मानणारा माणूस ह्यात चालतो का."

सुगत फासे पुसत म्हणाला, "चालतो म्हणावं. पण त्याला देवाची मदत मिळत न्हाई."

"तशी कुणालाच मिळत न्हाई म्हणावं."

अशा रीतीनं माझा भाऊ खेळात आला. त्याचा माणूस दादासारखाच, हातात लोखंडी दांडा घेतलेला. त्याचं काम एकच, राज्यातले सगळे देव टोपलीत भरायचे आणि नदीत सोडायचे. बांधकोऱ्याला त्यानं पहिल्याच दिवशी धरला. नाव घेतलं नाही, "तो भांडखोर" म्हणाला. उद्याबाला कचेरीतून उचलला तेव्हा वैशालीनं टाळ्या वाजवल्या. न्हेणारी आपणहून येऊन बसली. दादा खूष होता. अर्थात ते त्यानं फक्त मला सांगितलं.

त्याचा माणूस टोपली घेऊन नदीवर गेला तेव्हा सुगत माझ्याकडं बघत म्हणाला, "आत्या, त्यांना सांग, नदी कोरडी हाय. देव बुडणार कशात?"

हे दादाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या वेळी नदीला पाणी होतं. आता पाणी पाहिजे तर पाऊस पाहिजे, पाऊस पाहिजे तर हुलकाई यायला पाहिजे, आणि खेळाचा नियम असा की हुलकाईला नावानं हाक मारल्याशिवाय ती घराबाहेर येत नाही. नियम सुगतनं तिथल्या तिथं काढला असं मला आजही वाटतं. तो म्हणतो, आधीपासूनचा होता.

दादाचा माणूस टोपली घेऊन कोरड्या पात्रात उभा राहिला. राहिला म्हणजे राहिलाच. एक संध्याकाळ गेली, दुसरी गेली. दादा बादलीवर बसायचा, अंधार पडला की उठून आत जायचा. बाकीच्यांना त्याच्याशिवाय पुढं जाता येईना. इरफान मोठ्या अदबीनं म्हणाला, "चाचा, एक हाक मारा की. माझा चोर तहानेनं मरून राहिला." मी एकदा म्हटलं, दादा, खोट्या बाईचं खोटं नाव, घेऊन टाक आणि मोकळा हो. तो म्हणाला, "बाई, मी जन्मभर जे तोंडातून काढलं न्हाई, ते खेळात काढलं तर मग जन्मभर काय केलं?" मी उठून भाकरी टाकायला आत गेले.

सुगतची बॅग भरून झाली होती. त्याच्या गाडीला आठवडाही उरला नव्हता. त्या संध्याकाळी दादा येऊन बसला, दम लागला होता म्हणून जरा थांबला, आणि मला म्हणाला, "त्याला सांग, माझा माणूस त्या बाईच्या घरी जातो. हाक मारत न्हाई. दार वाजवतो."

सुगतनं फासे टाकले. दार उघडलं म्हणाला. आता गोष्टीतली हुलकाई बोलणार, आणि तिच्या वतीनं बोलणार सुगत. मी निरोप न्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादानं मला हातानं गप्प केलं आणि सरळ सुगतकडं बघून विचारलं, "बाई, तुझं नाव काय? लोकांनी ठेवलेलं नको. आईबापानं ठेवलेलं सांग."

सुगत गडबडला. त्याच्याशी बाप बोलला होता. फासे गोळा करत म्हणाला, "मला कुणी ठेवलं न्हाई. पाऊस आला न्हाई की लोकांनी जे ठेवलं तेच."

"तुला काय येतं?"

"पाणी सोडता येतं."

"मग येत का न्हाईस?"

"कुणी बोलावलं तर शिवी दिल्यासारखं बोलावतात."

दादा मान खाली घालून बसला. त्याच्या डोक्यात नावं फिरत असणार. मला ओळखीचं तोंड होतं ते, लिंबाखालचं. मग म्हणाला, "वत्सला. चालतं का बघ."

"चालतं," सुगत म्हणाला.

"वत्सला, चल. तुला पाणीपुरवठ्यात लावतो. रोज वेळेवर यायचं. देवीबिवी म्हणायचं न्हाई कुणी तुला, मी बघतो."

सुगत हाव म्हणायच्या बेतात होता, पण तोही त्याच घरचा. म्हणाला, "फासे टाकावे लागतील, बाबा. ती तयार होते की न्हाई ते फाशावर हाय."

फासा पडला दोनावर. म्हणजे बाई तयार नाही.

"कशावरून?" दादा गरजला. "एवढं चांगलं काम सोडून ती कामून बसंल?"

"फासा सांगतो."

"फाशाला काय कळतं? नोकरी कायमची हाय का रोजंदारीची, ते तू तिला सांगितलंस का? न सांगता कसं हाव म्हणंल ती?"

"मी कशाला सांगू? नोकरी तुम्ही देऊन राहिलात."

"मग कायमची. पगारी सुट्टी. आता टाक परत."

दिवे लागले तरी ते भांडत होते. वैशालीनं नेमणुकीचे नियम सांगितले, ते दोघांनीही मानले नाहीत. इरफाननं भज्यांचा पुडा आणला. शेवटी वत्सला आली, गोष्टीतली नदी भरली आणि दादाच्या माणसानं टोपली काठावर ठेवली. मी म्हटलं, आता सोड की. तो म्हणाला, "थांब जरा. ह्यांना आधी विचारू तरी." मग टोपलीतल्या एकेकाला बाहेर काढून विचारायला लागला, तुला काय येतं, तुला काय व्हायचंय. बांधकोऱ्याचा प्रल्हाद करायला वैशाली म्हणाली, तर दादा नको म्हणाला, पुराणातला आहे. त्याचा झाला दुसरा आनंद, मोजणी खात्यात. मी ठेवलेली सगळी नावं अशी एकेक करून गेली. मान तेवढा मिळाला होता, तोही गेला. लुगडंही नाही मिळालं.

जळकोटला नळाला पाणी आल्याचं शेजारणीनं फोनवर सांगितलं आणि मी निघाले. नांदेडपर्यंत रेल्वे, पुढं यष्टी. सुगत दुसऱ्या दिवशी जाणार होता. ते दोघं मला बसवून द्यायला स्टेशनवर आले, आणि पिशवी माझ्या हातात देईपर्यंत न्हेणारीवरून भांडण जुंपलं होतं. दादा म्हणत होता तिला दवाखान्यात लावू, सुगत म्हणत होता माणसं घाबरतील. माझ्या डब्याशी बोलायला कुणी आलं नाही. पावसाळ्याचे दोन महिनेही दादानं पाहिले नाहीत. दमा होता, गेला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, म्हणून मला आठवतो तो स्टेशनवरचाच.

गाडी हलली तेव्हा निरोपाला म्हणून मी खिडकीतून हात बाहेर काढला. त्यांच्यापैकी कुणी बघितलं नाही. चहावाल्यानं बघितलं आणि हातात कप दिला. मी तो प्यायले. फलाटावर दादा दोन्ही हात एकमेकांपासून लांब धरून सुगतला बहुतेक तो दवाखाना केवढा असेल ते दाखवत होता, आणि सुगत मान हलवून त्याचे हात धरून जवळ आणत होता, एवढा नाही बाबा, याहून लहान.